एकवीस दिवस हात लावायचा नाही

प्रमिलाच्या उजव्या मुठीत आंब्याची एक हिरवी काडी होती. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर तिला ठेवलं होतं आणि डॉक्टर मला सांगत होते की मेंदूतली शीर फुटली, रस्त्यातच सगळं संपलं, कुणालाच काही करता आलं नसतं. मी मान हलवत होतो आणि त्या काडीकडे बघत होतो.

प्रमिलाबरोबर देसायांच्या नर्सरीत काम करणारी इंदूवैनी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनेच प्रमिलाला जीपमध्ये घालून आणलं होतं. डॉक्टर गेल्यावर ती पुढे झाली, प्रमिलाची बोटं एकेक करून सोडवली आणि काडी काढून घेतली.

"भावजी, राग मानू नका," ती म्हणाली. "आज कापलेली हाय. आज बांधली नाय तर वाळून जाईल."

तिने पदराचं टोक नळाखाली भिजवलं, काडी त्यात गुंडाळली, प्रमिलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि रडत रडत निघून गेली. ते माझ्या डोक्यातून जाईना. माणूस मेलेलं समोर आहे आणि ही बाई काडी घेऊन जाते. संध्याकाळी चिपळूणहून माझी मुलगी शलाका आली, भावकी जमली, सगळं यथासांग झालं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. पण मधूनच माझ्या मनात यायचं, त्या काडीचं पुढे काय झालं असेल?

मी तेव्हा एसटीत होतो. एकूण बावीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलच्या खोलीत. गाडी आली की नोंद करायची, माइकचं बटण दाबायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते दोनदा सांगायचं. कुणी त्रास देत नव्हतं. साहेब चांगले, सोबतीही चांगले. पण घरी आल्यावर प्रमिलाने "आज काय झालं?" असं विचारलं की सांगायला काही नसायचं. ती मात्र सांगायची. पावसाळ्याचे दोन महिने ती कलमं बांधायला जायची, नऊ वर्षं. जेवताना सांगत बसायची, आज काड्या कोवळ्या होत्या, आज कोयी चांगल्या रुजल्या होत्या. मी हूं हूं करायचो. नर्सरी स्टँडपासून तीन किलोमीटरवर. नऊ वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो.

तेराव्यानंतर कामावर रुजू झालो आणि पहिल्याच सुट्टीला तिकडे गेलो.

पत्र्याची लांब शेड. दहा-बारा बायका गोणपाटावर ओळीने बसलेल्या. प्रत्येकीपुढे नुकत्याच रुजलेल्या कोयींचा ढीग, तांबूस पानांची रोपं, खाली कोय तशीच. इंदूवैनीने मला बघितलं आणि सरकून जागा केली.

"वैनी, ती काडी," मी म्हटलं.

"बांधली. त्याच दिवशी."

"कुठली ती?"

तिने शेडच्या मागे बोट दाखवलं. सावलीच्या जाळीखाली मातीने भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक पिशवीत एक बोटभर झाड. "त्या तिसऱ्या रांगेतली सत्तर तिची. त्यातलं कुठलं ते काय सांगू? मी तिचीच खूण बांधली. येगळं नाय ठेवलं."

प्रत्येक बाईची खूण वेगळी असते, हे मला तेव्हा कळलं. इंदूवैनीची लाल लोकर, दुसरीची हिरवी काठाची पट्टी. कलम बांधलं की खाली आपली खूण बांधायची. एकवीस दिवसांनी देसाई येऊन मोजतात आणि कुणाची किती जगली ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तिसऱ्या रांगेत मी वाकून बघितलं. खाकी कापड. बारीक, दोऱ्यासारखं फाडलेलं. माझे एसटीचे जुने शर्ट फरशी पुसायला जातात असं मला वाटत होतं.

"हे असं जोडतं कसं?" मी विचारलं.

इंदूवैनीने एक रोप उचललं, वरचा शेंडा उडवला, उरलेल्या दांड्याला मधोमध चीर दिली. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं, चिरेत बसवलं आणि प्लॅस्टिकची पट्टी गरागरा गुंडाळली. माझ्याशी बोलता बोलता, खाली न बघता.

"झालं."

"पण आत काय होतं? हे झाड त्या झाडाचं कसं होतं?"

"ते मला इचारू नका. मी कदी आत गेले नाय."

बायका हसल्या. एक म्हणाली, "भावजी, एवढी चौकशी करता तर बसा की. आमची रायवळ कोयींची गाडी लावा फलाट क्रमांक दोनवर!"

मी बसलो. त्या दिवशी सहा रोपं कापली आणि सहाही वाया घालवली. अंगठा कापून घेतला तो वेगळाच. पण स्टँडवर परत गेल्यावर दोन दिवस मी त्या चिरेचाच विचार करत होतो. दोन्हीकडची साल कुठे टेकायला हवी? काडी किती खोल? अकरा वर्षांत पहिल्यांदा मला सुट्टीची वाट बघावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात प्रमिलाच्या सत्तर कलमांचे एकवीस दिवस भरले. देसाई छत्री घेऊन रांगेतून फिरले, एकेक पट्टी बघितली आणि शेडमध्ये येऊन नेहमीसारखं वाचलं, "प्रमिला मांडवकर, सत्तर. जगली सहासष्ट." मग देसाई माझ्याकडे वळून म्हणाले, "मांडवकर, यंदा तिच्या जागी माणूस हवंय मला. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

"मी आहे," मी म्हणालो.

म्हणून गेलो खरा. नंतर वाटलं, काय बोललो हे. देसाई हसले नाहीत. "पण या वेळी रेग्युलर माणूस हवंय, बारमाही. पावसात कलमं, बाकी दिवस बाग आणि पिशव्या. एसटी सोडून याल?"

"जमलं तर येईन."

"मग जमतं का बघू. शंभर बांधा. साठ जगली तर जागा तुमची. साठ म्हणजे साठ."

मी पंचेचाळीस दिवसांची रजा टाकली, सात सप्टेंबरपर्यंतची. डेपो मॅनेजर साळुंखे साहेबांनी लगेच मंजूर केली. "घ्या आराम. मात्र आठ तारखेला या. गणपतीच्या जादा गाड्या सुरू होतील, तेव्हा एकही दिवस वाढवून मिळणार नाही."

खुणेसाठी मी खाकी मागितली. इंदूवैनीने मान हलवली. "ती तिची. आता कुणाला देत नाय." मी पार्सलची सुतळी घेतली.

पहिली शंभर बांधायला मला पाच दिवस लागले. बायका तेवढी एका दिवसात उरकायच्या. चहा आला की ओरडायच्या, "भावजी, चहाची गाडी लागली का बघा! उशिरा धावते काय?" मी माइकच्या आवाजात सांगायचो, "प्रवाशांनी कृपया कप घेऊन बसावे." तेवढं मला सुरेख जमायचं. कलमं जमत आहेत की नाहीत ते कळायला मार्ग नव्हता.

आणि तेच मला सहन होईना. कंट्रोलच्या माणसाची एक सवय असते. पंधरा मिनिटं एखाद्या गाडीची खबर नसली की तो उठतो, फोन लावतो, बाहेर जाऊन बघतो. इथे एकवीस दिवस काहीच खबर नाही. पट्टीच्या आत काय चाललंय? सातव्या दिवशी सकाळी, बायका यायच्या आधी, मी एक पट्टी सोडली. काडी हिरवी होती. चिरेत पांढरट ओल दिसली. मला इतका आनंद झाला की मी दुसरी सोडली. मग रोज पाच-सहा सोडायला लागलो, बघायचो, पुन्हा तशीच गुंडाळून ठेवायचो. वहीत लिहूनही ठेवायचो, कुठलं कधी बघितलं ते.

एकविसाव्या दिवशी देसाईंनी वाचलं, "शांताराम मांडवकर, शंभर. जगली अकरा."

इंदूवैनी उठली, माझ्या रांगेतलं एक वाळलेलं कलम उपटून आणलं आणि पट्टी निरखून बघितली.

"उघडून बघितलंत."

"एखादंच."

"भावजी, ह्या पट्टीला दोन येळच्या घड्या हायत. माझ्याशी खोटं नको."

"बऱ्याच सोडल्या," मी कबूल केलं. "आत जुळलंय का ते बघत होतो. जुळत होतं, वैनी. मी बघितलं."

"जुळतच होतं. तुमी बघितलंत म्हणून सुटलं." तिने ते कलम माझ्या हातात दिलं. "ह्यात तुमचा हात वाईट नाय. चीर बरी हाय, पाचर बरी हाय. तुमच्या बायकोची पयल्या वर्साला बावीस जगली होती. पण ती बघत नव्हती हो."

ती मग देसाईंकडे गेली आणि काय बोलली मला ठाऊक नाही. परत येऊन म्हणाली, "कोयी संपत आल्यात. शेवटचा लॉट निघेल त्यातल्या शंभर तुमाला. परत मिळायच्या नाय."

दुसरी शंभर मी वीस ऑगस्टला बांधून पूर्ण केली. हिशोब सरळ होता. एकवीस दिवस भरणार दहा सप्टेंबरला. माझी रजा संपणार सातला. आठला कंट्रोलच्या खोलीत हजर व्हायचं किंवा त्याआधी राजीनामा द्यायचा. म्हणजे जगली की नाही हे कळायच्या आधी मला ठरवायचं होतं. आठला हजर झालो असतो तर गणपतीच्या गर्दीत राजीनामा कुणी घेतला नसता, आणि देसाई दिवाळीपर्यंत थांबणार नव्हते. त्यांच्याकडे दुसरे दोघं विचारून गेले होते.

चार तारखेला शलाका आली. माझ्या अंगठ्यावरच्या पट्ट्या बघून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, नऊ वर्षं राहिलीत तुमची. फक्त नऊ. खुर्चीत बसून काम आहे, डोक्यावर पंखा आहे."

"आहे."

"आई गेली म्हणून तुम्ही आईचं काम करायला निघालात का? तुम्हाला आंब्यातलं काय कळतं? आईने कापून बशीत दिला की तुम्ही खायचात!"

"म्हणूनच तर जाऊन बघितलं."

"बघितलंत ना? झालं की मग. आता आठ तारखेला कामावर जा."

मी तिला नर्सरीत घेऊन गेलो. तिने माझी रांग बघितली. शंभर पिशव्या, शंभर काड्या, वर काहीच नाही. काही काड्यांचे डोळे फुगल्यासारखे दिसत होते, पण ते आधीपासूनच फुगलेले असतात, त्यावरून काही सांगता येत नाही. शलाका शिक्षिका आहे. ती वाकली आणि म्हणाली, "एवढं सोपं आहे. चार-पाच उघडून बघायच्या. चिकटलेल्या असतील तर राजीनामा द्या, मी काही बोलणार नाही. नसतील तर आठला कामावर. शंभरातल्या पाच गेल्या तर काय बिघडतं?"

बोलणं बरोबर होतं. मलाही आदल्या आठवड्यात तेच सुचलं होतं. तिने पहिल्या पिशवीतल्या पट्टीचं टोक चिमटीत धरलं.

"सोड," मी म्हटलं.

"अहो बाबा, एकच."

"शलाका, सोड ते." माझा आवाज एवढा चढला की शेडमधल्या बायका बाहेर बघायला लागल्या. तिने हात काढला.

"आधी नक्की काय आहे ते सांगा," ती म्हणाली. "कारण ही काही आवड नव्हे. मी तुम्हाला ओळखते."

मी म्हटलं, "हाताला बरं वाटतं." ती चिडून दुसऱ्या दिवशी परत गेली.

सात तारखेला मी डेपोत गेलो. खिशात काही नव्हतं, अर्ज नव्हता. खरं सांगायचं तर मी हजर व्हायच्या तयारीनेच गेलो होतो. साठ ही मोठी संख्या होती आणि माझी जेमतेम अकरा जगली होती.

साळुंखे साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. "बरं झालं आलात. एक आनंदाची गोष्ट आहे. विभागाकडे आदर्श कर्मचारी म्हणून आपल्या डेपोतून तुमचं नाव पाठवतोय."

"माझं? कशाबद्दल?"

"विनय सोडा हो, मांडवकर. अख्ख्या डेपोला माहीत आहे. त्या दिवशी तुमच्या मिसेसना हॉस्पिटलात नेल्याचा फोन आला, शिपायाने आत येऊन सांगितलं, ताबडतोब बोलावलंय म्हणून. तरी तुम्ही तीन गाड्या पुकारल्यात, नोंदी केल्यात आणि मग उठलात. नवीन पोरांना मी हेच सांगतो. ड्युटी म्हणजे काय ते यांच्याकडून शिका."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नसेल.

झालं होतं असं. शिपाई दारात आला आणि म्हणाला, वहिनींना दवाखान्यात नेलंय, सीरियस आहे, लगेच निघा. मी त्याला "हो" म्हणालो. त्याच वेळी देवरूख गाडी फलाटावर येत होती. मी बटण दाबलं आणि पुकारली. मग राजापूर. मग रत्नागिरी, विनावाहक. प्रत्येक गाडी दोनदा. आठ-नऊ मिनिटं गेली असतील. ड्युटी वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मनात काहीच नव्हतं. तोंड आपलं आपण चाललं होतं. तिसरी गाडी पुकारून झाल्यावर मला शिपायाचं वाक्य ऐकू आलं, जसं काही तो आत्ताच बोलला. तेव्हा मी उठलो आणि पळालो. डॉक्टर म्हणाले की ती रस्त्यातच गेली होती, त्यामुळे त्या मिनिटांनी काही फरक पडला नाही. ती रस्त्यातच गेल्याचं इंदूवैनीही म्हणाली. फरक पडला नाही हे मला मान्य आहे. पण त्या आठ मिनिटांत त्या खुर्चीवर कोण बसलं होतं, हे मला समजत नव्हतं. ते पुन्हा तिथे बसणार होतं, आणखी नऊ वर्षं.

"साहेब," मी म्हटलं, "एक कोरा कागद मिळेल का?"

"कशाला?"

"राजीनामा लिहायचाय."

साहेबांना आधी वाटलं मी चेष्टा करतो आहे. मग समजावलं, मग रागावले, मग दुसरा चहा मागवला. शेवटी म्हणाले, "एक महिन्याची नोटीस लागते. आणि गणपती?"

"गणपती पुकारून जातो. आणि ते नाव तेवढं पाठवू नका."

दहा तारखेला मी ड्युटीवर होतो. मुंबईच्या जादा गाड्या एकामागून एक येत होत्या, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी मी प्रत्येक गाडी बाहेर बघून, पाटी वाचून मगच पुकारत होतो. दुपारी इंदूवैनी खिडकीशी येऊन उभी राहिली. मी माइक बंद केला.

"सांगा."

"पयलं पानी प्या."

"वैनी, सांगा."

"अठ्ठावन्न."

मी उठून उभा राहिलो.

"देसाई दोनदा फिरले," ती म्हणाली. "मी तीनदा. एक तर असं होतं की मी त्याला म्हटलं, बाबा रे, आज तरी फूट. नाय फुटलं. साठ म्हंजे साठ, ते बोलले."

"मग संपलं?"

"संपलं कसं? म्हणाले, पुढच्या पावसात परत शंभर बांधायला बसवा त्याला. तोवर पिशव्या भरेल का इचार. माती कालवायची, शेण मिसळायचं, भरायच्या. बायकांच्या हाताखाली." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "राजीनामा मागं घ्यायचा असेल तर अजून घेता येईल की वो."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. "किती पिशव्या असतात?" मी विचारलं.

"वीस हजार."

"भरतो," मी म्हटलं, आणि खिडकीतून वाकून पाटी वाचली.

एक वर्ष मी पिशव्या भरल्या. पुढच्या पावसात माझी एकाहत्तर जगली. आता या गोष्टीला बारा वर्षं झाली. शंभरातली ऐंशीच्या वर बहुतेक जगतात. सत्तरातली सहासष्ट जगवणारा तिचा हात मला आला नाही आणि येईलसं वाटत नाही. अलीकडे माझे हातही खाली न बघता चालायला लागले आहेत. तसं झालं की मी चाकू खाली ठेवतो, उठून जाळीपर्यंत चक्कर मारतो आणि परत येऊन बघून बांधायला सुरुवात करतो. बायका म्हणतात, भावजींची गाडी पुन्हा लेट.

शलाका दर मे महिन्यात येते. तिच्या अंगणात माझ्या हातची दोन कलमं आहेत, त्यांना फळं धरतात. आली की एकदा तरी विचारते, "खरं सांगा बाबा, नऊ वर्षं राहिली असताना का सोडलीत?" मी काहीतरी सांगतो. मोकळी हवा, इंदूवैनीचा आग्रह, हाताला बरं वाटतं. ती मान डोलावते, पण तिला पटत नाही हे मला दिसतं. त्या तीन गाड्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.